आठ रकाने

यंत्रासोबत आलेल्या यादीत
आमचं सरोवर नव्हतं.
होत्या चार-दोन तयार चाचण्या, दूरच्या प्रयोगशाळांच्या,
जिथे वीज जात नसावी
आणि पाण्यावर हिरवी साय धरत नसावी.
म्हणून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं: नवी चाचणी.
यंत्रानं आधी नाव विचारलं.
आठ रिकामे रकाने, लुकलुकणारी एक रेघ.
म्हटलं, थांब जरा, मूल तरी होऊ दे.
इथे किसुमूत आम्ही जन्मवेळेवरून नाव ठेवतो;
मी अवुओर, मध्यरात्रीची.

दिवा कुठला? नारिंगी.
सायीतलं निळं द्रव्य नारिंगी उजेड पितं
आणि लाल परत करतं,
घेतल्यापेक्षा थोडं कमीच.
बुडालेल्या उधारीची म्हणे ऊब होते.
टिपणारा डोळा दिव्यासमोर नसतो,
काटकोनात बसतो,
दाराआडून ऐकणाऱ्या चुलतीसारखा.

एकक? दर लिटरला मायक्रोग्रॅम.
प्रमाण द्रावणं किती? पाच.
आणि सगळ्यांत आधी, शून्य.

शुद्ध पाणी भरलं,
क्युवेट वरच्या कडेला धरून पुसली, झाकण लावलं.
अडतीस.
काहीच नसलेल्या पाण्यात अडतीस!
पुन्हा धुतली. एकेचाळीस.
न्यांग्वेसो सरांनी दारातून विचारलं, कुठवर आलं?
म्हटलं, शून्यापर्यंतही नाही.
मग आठवलं, मागच्या महिन्यात शिकाऊ पोरानं
याच क्युवेटमध्ये गुलाबी रंग मोजला होता.
दिसायला आरपार, पण काही विसरली नव्हती.
नवी काढली. दोन.
दोनालाच शून्य मान, असं यंत्राला सांगता येतं
आणि ते वाद न घालता मानतं.

तिसऱ्या द्रावणाला वीज गेली.
जनरेटर खोकला, धरला, सुटला, धरला.
मी पुन्हा पहिल्यापासून:
बुडबुडा नाही ना, बोटाचा ठसा नाही ना,
प्रत्येक तीनदा.
पाच ठिपके एका रेषेत आले तेव्हा
जेवणाची वेळ केव्हाच टळली होती.

ओगुटुनं दुंग्याहून बाटल्या आणल्या,
चांदीच्या कागदात गुंडाळून, उजेड लागू नये म्हणून.
मधल्या पाण्याची: एकसष्ट.
नळयोजनेच्या तोंडापाशी भरलेली,
पेजेसारखी दाट, हलवली तरी न हलणारी: चव्वेचाळीस.

आकडा लिहिला. पेन उचललं नाही.
डोळ्यांना दिसत होतं ते
आणि कागदावर होतं ते
एका सरोवराचं नव्हतं.

अति तेथे माती.
एवढी गर्दी की दिवा आत पोचतच नाही,
आणि आत कुणी उजळलंच
तर शेजारीच तो उजेड गिळून टाकतात.

एक भाग तिचा, नऊ भाग शुद्ध पाणी.
बत्तीस. गुणिले दहा.
खात्रीसाठी विसात एक: सोळा.
तीनशे वीस, दोन्ही वाटांनी.
ओगुटु खांद्यावरून बघत होता.
पाणी घातलं आणि वाढलं? म्हणाला,
आमच्या गल्लीतला दूधवालाही हेच करतो.

सरांनी पंपघराला फोन लावला.
पलीकडचा माणूस आधी हसला,
मग आकडा पुन्हा विचारला,
मग हसला नाही.

खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून
माझ्या चपलांपाशी आलं होतं.
यंत्र अजून विचारत होतं: नाव?
संध्याकाळची, म्हणजे अधिआंबो.
रोमन अक्षरं बोटांवर मोजली.
बरोबर आठ.
एकही रकाना उरला नाही.

ओगुटुनं बाटल्या विसळून पालथ्या घातल्या
आणि चांदीचा कागद मांडीवर सपाट करून,
घडी घालून खिशात ठेवला.
उद्या पुन्हा लागेल म्हणाला.